अंगारा, प्रार्थना आणि डॉक्टर

मैत्रिणींनो, आज घरातलीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी माझी भाची पहिल्या बाळंतपणाला कोल्हापूरला, आक्काकडे आली होती. बाळ गुटगुटीत, सगळं छान. पण पंधराव्या दिवसापासून पोरगी गप्प गप्प झाली. बाळ रडलं तरी बघायची नाही. रात्र रात्र छताकडे डोळे लावून बसायची. शेजारणी म्हणाल्या, “ओल्या बाळंतिणीला बाहेरचं लागलंय.” आक्का घाबरली. मग काय, लिंबू झालं, अंगारा झाला. एका बुवांनी घराण्याचा दोष सांगितला, त्याची शांती झाली. खोटं कशाला बोलू, नारळ घेऊन मीही सोबत होते. पैसे गेले, पोरगी तशीच.

आक्काच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. तिथल्या मावशी म्हणाल्या, “आमचे पाळकसाहेब उद्या यायचेत. पोरीला नुसतं भेटू दे की!” आक्काच्या मनात धाकधूक, हे आता बाटवतात की काय! पण नाही म्हणवेना.

पाळकसाहेब आले. बायबल उघडलं नाही, उपदेश केला नाही. दार उघडंच ठेवून भाचीसमोर खुर्ची घेऊन बसले. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग हळूच म्हणाले, “झोप लागत नाही ना, पोरी?” त्या एका प्रश्नावर ती हमसून हमसून रडली. त्यांनी रडू दिलं. मग सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” माझ्या पोटात गोळाच आला. असं कुणी विचारतं का? पण भाचीनं मान हलवली. हो!

ते आक्काकडे वळले. “ताई, ही बाधा नाही आणि हिची चूकही नाही. बाळंतपणानंतर असा आजार होतो, तो औषधानं बरा होतो. प्रार्थना मी घरी करीन. हिला आजच डॉक्टरांकडे न्या. तोवर एकटी सोडू नका.” दुपारीच आम्ही सीपीआरमध्ये मानसोपचार विभागात गेलो. काही महिने औषधं चालली. आज ती सासरी सुखात आहे, पोरगं बालवाडीत जातंय.

पुढं एकदा मी त्यांना विचारलं, “तुम्हाला हे कसं कळलं?” ते हसले. “बाई, आम्हाला हा विषयच असतो.” मला नवल वाटलं. कोल्हापुरात रेव्हरंड वाइल्डर आले १८५२ साली, म्हणजे पाळक काही आपल्या गावाला नवे नाहीत. पण ते काय शिकून येतात, हे आपल्याला कुठं ठाऊक असतं?

बऱ्याच चर्चमध्ये पाळक व्हायचं तर धर्मशास्त्राची पदवी घ्यावी लागते. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. अशा कॉलेजांत बायबलबरोबर समुपदेशनही शिकवतात. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना दवाखान्यात रुग्णांजवळ बसवतात. झालेलं बोलणं आठवून जसंच्या तसं लिहायचं, मग गुरुजींसमोर वाचायचं. कुठं घाई केली, कुठं उगाच उपदेश केला, ते तिथं उघडं पडतं.

या पद्धतीची सुरुवात अमेरिकेतली. अँटन बॉयसन नावाच्या पाळकाला १९२० मध्ये स्वतःलाच मानसिक आजार झाला आणि मनोरुग्णालयात राहावं लागलं. बरा झाल्यावर तो अशाच एका रुग्णालयात पाळक म्हणून रुजू झाला. १९२५च्या उन्हाळ्यात त्यानं धर्मशास्त्राचे विद्यार्थी तिथं शिकायला आणले. पुस्तकं वाचता तशी दुःखात असलेली माणसंही वाचायला शिका, असा त्याचा आग्रह होता.

दुसरी गोष्ट वाचून तर मी सुन्न झाले. इंग्लंडमध्ये १९३५ साली चॅड वारा नावाच्या तरुण धर्मगुरूला एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला पाळी सुरू झाली होती. सांगायला कुणी नव्हतं. आपल्याला घाणेरडा रोग झाला, असं समजून तिनं जीव दिला. एवढ्याशा कारणानं! वारा ते विसरले नाहीत. १९५३ मध्ये लंडनच्या चर्चमध्ये त्यांनी जीव द्यायला निघालेल्यांसाठी फोन ठेवला. लोक भेटायलाही येऊ लागले. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला साधे स्वयंसेवक बसत. गंमत अशी, की कितीतरी जण चहा घेता घेता त्यांच्याशीच मन मोकळं करून शांत होऊन घरी जात! त्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली.

हे फक्त चर्चमध्येच होतं असं नाही. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रमात आग लागली. साखळीनं बांधलेले मनोरुग्ण होरपळून गेले. पुढं गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरादातार दर्ग्यात मुजावरांनाच आजार ओळखायला शिकवलं. दुआ त्यांनी करायची, औषधाला डॉक्टरांकडे पाठवायचं. त्या उपक्रमाचं नावच ‘दवा-दुआ’!

आणि कोल्हापूरला पुरोहितांच्या शिक्षणाचं महत्त्व काय सांगायचं? शाहू महाराजांनी १९२० साली इथं वैदिक शाळा काढून पौरोहित्य कुणी शिकावं हा प्रश्न सोडवला. त्यात आणखी काय शिकवावं, हे आता आपण विचारायला हवं.

कारण मन बिघडलं की आपण आधी देवाच्याच माणसाकडे जातो. जाऊ द्या, त्यात लाज नाही. फक्त माणूस पारखून घ्या. तो आधी ऐकून घेतो का? आपलं बोलणं चार घरी पोचवत तर नाही ना? भीती घालून पैसे तर काढत नाही ना? आणि मुख्य म्हणजे, “हे माझ्या हातचं नाही, डॉक्टरांकडे जा,” असं म्हणतो का? ज्याला हे म्हणता येतं, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

कुणाकडेच जावंसं वाटत नसेल, तर १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे. रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि घरात एखादी बाळंतीण गप्प झाली असेल, तर लिंबू उतरवण्याआधी तिच्याजवळ जरा बसा. झोप लागते का, एवढं तरी विचारा. आम्ही ते विचारलं नव्हतं, याची बोच मला अजून आहे.