तिबेटी वैद्यांची मुळी व लाहौलचा शेतकरी

तिबेटांत वैद्यास ‘आमची’ म्हणतात. आपल्या भाषेंतील ‘आमची’शीं त्या शब्दाचा कांहीं संबंध नाहीं. हे वैद्य हिरड्यास औषधांचा राजा मानितात. हिरडा त्या थंड मुलखांत होत नाहीं, तो हिंदुस्थानांतून जातो. परंतु फळ वेचलें तरी झाड उभें राहतें. खरी अडचण मुळ्यांची आहे.

आपले काष्ठौषधीवाले ज्यास उपलेट किंवा कोष्ठ म्हणतात, तो कुठ घ्या. तिबेटी वैद्य त्याचें मूळ पोटफुगी व छातीचे विकार यांवर देतात. मूळ खणलें कीं रोप संपलें. शिवाय उदासाठीं तें चीनांत जाई, आणि कसर लागूं नये म्हणून काश्मिरी शालींच्या घड्यांत ठेवीत. हिमालयांतील कुठ इतका खणला गेला कीं सन १९८५ पासून रानांतील कुठाचा परदेशांशीं व्यापार बंद आहे.

लाहौल खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच तो शेतांत लाविला. पण पीक निघण्यास दोन-तीन वर्षें लागतात. तोंवर जमीन अडकते, व भाव पडल्यास सारा खर्च अंगावर येतो. बटाटा व वाटाणा दरसाल रोकड देऊं लागतांच पुष्कळांनीं कुठ सोडिला. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. कर्जाचा हप्ता तीन वर्षें थांबत नसतो.

सन २०१० मध्यें हिंदुस्थान सरकारनें ‘सोवा-रिग्पा’ या नांवानें ह्या वैद्यकास कायद्यानें मान्यता दिली आहे. आतां गोळ्या करणाऱ्यांनीं लावणीच्या वेळींच भाव ठरवून लेखी द्यावा. म्हणजे लाहौलांत कुठ पुन्हां लागेल, असें आम्हांस वाटतें.