संगणक एक, बसणारे तिघं

मेलच्या बॅकअपविषयी या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण मागच्या लेखातल्या 'एका माणसाला पाच संगणक' या मुद्द्यावर एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचं पत्र आलं आहे. त्यांची अडचण उलटी आहे. काउंटरवर संगणक एकच, त्यावर पाळीपाळीनं बसणारे तिघं. मायक्रोसॉफ्ट 365 चे परवाने तिघांचेही घेतलेत, पण वर्ड-एक्सेल सगळे हेडक्लार्क बाईंच्या नावानंच वापरतात. काम चालतंय, मग बिघडलं कुठे, असं ते विचारतात.

सबस्क्रिप्शनचा परवाना माणसाच्या नावावर असतो, यंत्राच्या नाही. तिघं एकाच विंडोज खात्यात शिरतात, म्हणून वर्डमध्ये पहिल्यानं केलेलं साइन-इन तसंच राहतं. वसुलीची नोटीस दुसऱ्याच कोणी टाइप केली तरी फाइलच्या 'ऑथर'मध्ये नाव बाईंचं. 'रिसेंट'च्या यादीत बाईंची पगारपत्रकं कोणालाही दिसतात. उद्या ऑडिटरनं 'हा आकडा कोणी बदलला?' विचारलं तर काय दाखवणार? मला हे परवान्याच्या भंगाइतकंच गंभीर वाटतं.

अशा सामाईक संगणकासाठी 'शेअर्ड कंप्युटर ॲक्टिव्हेशन' नावाची सोय आहे. मला ती फार आवडते. ऑफिस बसवतानाच कॉन्फिगरेशन फाइलमध्ये शेअर्ड कंप्युटर लायसन्सिंगची किंमत 1 करायची. मग आपापल्या विंडोज खात्यातून जो वर्ड उघडेल, त्याच्या परवान्याची चौकशी इंटरनेटवरून होते आणि त्याच्या नावाचं एक टोकन त्याच्याच प्रोफाइलमध्ये उतरतं. ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, 16.0 अशा वाटेनं गेलात की 'लायसन्सिंग' फोल्डर सापडेल, टोकन तिथेच असतं. त्याची मुदत 30 दिवसांची. मुदत संपत आली की ऑफिस आपणहून नवं मागतं. एखादा महिनाभर रजेवर गेला तर परतल्यावर पहिल्यांदा उघडताना इंटरनेट हवं, एवढंच. परवानाच नसेल तर फाइल वाचता आणि छापता येते, बदलता येत नाही. आणि हे काम त्या पाच संगणकांच्या मर्यादेत धरलंच जात नाही.

मेख प्लॅनमध्ये आहे. छोट्या कचेऱ्यांच्या प्लॅनांपैकी ही सोय फक्त बिझनेस प्रीमियममध्ये मिळते. पत्रलेखकांकडे बिझनेस स्टँडर्ड आहे, त्यात ती नाही. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत, याचा मला राग येतो.

त्यांना माझा सल्ला असा. आजच तिघांची विंडोज खाती वेगळी करा आणि तूर्त वर्ड-एक्सेल ब्राउझरमध्ये, ज्यानं त्यानं आपापल्या नावानं वापरा, ते स्टँडर्डमध्ये मिळतं. नूतनीकरणाच्या वेळी प्रीमियमचा हिशेब करा. तो जड वाटला तर त्या एका संगणकापुरतं ऑफिस होम अँड बिझनेस 2024 विकत घ्या. तो परवाना यंत्राला मिळतो, एका वेळी एकानं बसायचं, मग पाळीत कोणीही असो. साध्या पत्रांपुरतं काम असेल तर लिबरऑफिस आहेच, तिथे माणसं मोजावी लागत नाहीत.

पत्रांच्या मोठ्या गठ्ठ्यात हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो, म्हणून वाचकांना विनंती : पुढचं पत्र लिहिताना बिलावरचं प्लॅनचं पूर्ण नाव जरूर कळवा. मेलचा बॅकअप पुढच्या आठवड्यात.