डोळ्यात जाणारी धूळ नेमकी कसली असते?

आज कोड नाही, ॲप नाही. आजचा विषय आहे धूळ.

मे महिन्यात पालीला घरी गेलो होतो. बल्लाळेश्वराचं रायगडातलं पाली नव्हे हां, आमचं रत्नागिरीतलं. मुंबई-गोवा महामार्गावर, जिथून कोल्हापूरचा रस्ता फुटतो ते. तिथे माझ्या चुलत भावाचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. बघतो तर डोळे लालभडक. म्हटलं, "दादा, डोळ्यांना काय झालं रे?" तर म्हणतो, "धूळ रे. पाऊस पडला की जाईल."

पण ही धूळ म्हणजे नुसती माती नाही. आपल्याकडची लाल धूळ जांभ्याची. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच भाऊबंद. ती खुपते, पण विषारी नाही. रस्त्यावर मात्र तिच्यात काळी भुकटी मिसळते. ब्रेक घासला की तांबं, अँटिमनी, बेरियम उडतं. टायर झिजला की जस्त, कारण रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात. चाकाचा तोल साधायची वजनं बरीच वर्षं शिशाची असायची. पेट्रोलमधलं शिसं भारतात २००० साली बंद झालं, पण धातू काही कुजत नाही, जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत तो राहतो. म्हणूनच शहरातले सिग्नल आणि आमच्या पालीसारखे फाटे, जिथे प्रत्येक जण ब्रेक मारतो, तिथे ही भुकटी जास्त.

आता डोळ्याकडे या. बुबुळावर अश्रूंचा एक पातळ थर असतो, साधारण ३ मायक्रोमीटरचा. आणि बातम्यांत ऐकता ना, पीएम १०? तो कण १० मायक्रोमीटरपर्यंतचा असतो. म्हणजे थराच्या तिप्पट! पापणी मिटली की बराचसा कचरा धुतला जातो. उरतो तो चुरचुर, लाली आणि कोरडेपणा देतो. त्यात तांबं, लोखंडासारखे धातू पेशींमध्ये ऑक्सिडेशनचा ताण वाढवतात. आणि मोबाइल बघताना आपण पापण्या मिटतो निम्म्याने कमी. म्हणजे वायपर बंद करून गाडी चालवल्यासारखं झालं.

एक गैरसमज इथेच काढू. डोळ्यात धूळ गेली म्हणून शिशाने लगेच मोतीबिंदू होत नाही. शिसं मुख्यतः तोंडातून आणि श्वासातून शरीरात जातं, हाडांत साठतं, रक्तातून डोळ्यापर्यंत पोचतं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हाडांत शिसं जास्त असलेल्या वयस्क पुरुषांमध्ये मोतीबिंदूचं प्रमाण जास्त दिसलं. हे सगळं वर्षानुवर्षांचं काम आहे. म्हणून धुळीत काम करणाऱ्याने जेवणाआधी साबणाने हात धुणं हीसुद्धा डोळ्यांचीच काळजी.

मग करायचं काय? बाइकवर हेल्मेटची काच खाली. कण गेला तर चोळू नका, चोळलं की तो बुबुळावर ओरखडा काढतो. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. घासकाम करताना गॉगल लावाच, कारण लोखंडाचा कण रुतला तर भोवती गंजाचं कडं धरतं आणि ते डॉक्टरलाच काढावं लागतं. दुकान कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता दादाचं. तो पाच महिने एका दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले थेंब घालत होता. लाली लगेच जायची, म्हणून खूश. बाटली उलटून बघितली तर स्टेरॉइड! अशा थेंबांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, त्यातून काचबिंदू होतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला गाडीवर बसवून रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. दाब वाढलेला निघाला. नजर वाचली, पण आता दर काही महिन्यांनी तपासणी.

धुळीने डोळे लाल झाले होते. नजर जायची वेळ आणली ती धुळीवरच्या झटपट इलाजाने.

तेव्हा आज एक काम करा. घरात डोळ्यांच्या थेंबांची बाटली असेल तर तिच्यावरचं नाव वाचा, आणि डॉक्टरांनी दिलेली नसेल तर विचारल्याशिवाय घालू नका. भेटू पुढच्या भागात. आणि हो, आता फोन ठेवा नि जरा पापण्या मिटा!