गोठ्यातले तीन दिवस

सुटीत कुठे गेलात असे कोणी विचारले की आमची धाकटी सरळ सांगते, "गोठ्यात!" ऐकणाऱ्याला हसू येते, पण ती खोटे बोलत नाही. मेअखेरीस आम्ही अम्मीला घेऊन इंग्लंडला, ब्लॅकबर्नला भाईजानकडे गेलो होतो. त्या आठवड्यात तिथल्या शाळांनाही सुटी असते. भाईजाननी यॉर्कशायर डेल्समधल्या स्वेलडेल खोऱ्यातला एक जुना दगडी गोठा तीन रात्रींसाठी भाड्याने घेतला होता. दोन्ही घरची मुले धरून आम्ही नऊ जण.

आमच्या बॅगेत कपड्यांच्या तळाशी एक कागदही होता. दापोली तालुक्यातले आमचे बंद घर आणि त्यामागचा गोठा विकण्याचे संमतीपत्र. अम्मीची, बहिणीची आणि आमची सही झाली होती. भाईजानची बाकी होती. दोन वर्षे हा विषय निघाला की फोनवरचे बोलणे तुटायचे.

प्रत्येक शेताला गोठा

हॉज गाव मागे टाकून बटरटब्सची खिंड ओलांडली आणि खाली हिरवे खोरे उघडले. चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे, पिवळ्या फुलांनी भरलेली गवताची कुरणे आणि जवळजवळ प्रत्येक कुरणात एकेक गोठा. अम्मी म्हणाली, "घरे दिसत नाहीत, गोठेच गोठे! एवढी गुरे कुणाची?"

उत्तर गोठ्याच्या मालकाने दिले. वृद्ध शेतकरी, किल्ली द्यायला स्वतः आले होते. तिथे थंडीत, साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत, गुरे बाहेर सोडता येत नाहीत. कापलेले गवत दूर वाहून नेण्यापेक्षा जिथले तिथेच साठवलेले बरे, म्हणून शेतातच गोठा. खाली चार-सहा गाई, वर गवत. शेणखत त्याच कुरणात पसरायचे. शेतकरी दिवसातून दोनदा बर्फातून गोठ्यागोठ्यावर जाई आणि दूध पाठीवरच्या डब्यातून घरी आणी.

नातू अम्मीला हे मराठीत सांगत होता. तिने त्याला मध्येच थांबवले. "पुढचे मी सांगते. खाली बैल, वर माळ्यावर पेंढा, शेण खाचरात. आपलाच गोठा की रे हा! आपल्याकडे जांभा, इथे हा दगड, एवढाच फरक." मग ती मुलांना दाखवत गेली: गाई कुठे बांधत असतील, गवत कुठून आत टाकत असतील. भिंतीत वर जी चौकोनी खिडकी होती, ती गवत टाकण्यासाठीच होती, असे मालकांनीही सांगितले. आता तिथे काच आहे आणि खाली मुलांचे पलंग.

ट्रॅक्टर आले, मोठ्या शेड झाल्या आणि विसाव्या शतकात हे गोठे ओस पडले. कित्येकांची छपरे बसली. काहींना असे राहण्याजोगे केले गेले. हा भाग 1954पासून नॅशनल पार्क आहे, त्यामुळे बाहेरचे रूप मनाला येईल तसे बदलता येत नाही. आत गरम पाणी, स्वयंपाकघर, उबदार फरशी; बाहेरून गोठा तो गोठाच.

किब्ला आग्नेयेला

आपल्याकडे पश्चिमेला तोंड करून नमाज पढायची सवय. इथे किब्ला आग्नेयेला. मुलांनी होकायंत्र लावून गवताच्या माळ्यावर चादरी अंथरल्या आणि भाईजाननी इमामत केली. सूर्य सव्वानऊनंतर मावळतो आणि त्या दिवसांत रात्रभर पूर्ण काळोख होतच नाही. लहान मुलांना इशासाठी कसे जागे ठेवायचे? आम्ही शाफई. प्रवासात मगरिब आणि इशा एकत्र पढण्याची मुभा आहे, ती आम्ही घेतली. ही सवलत किती मोठी आहे, ते त्या उजेडी रात्रींत उमगले.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अशा ठिकाणी पाहुण्यांसाठी टोपली ठेवतात, तिच्यात वाइन किंवा बेकन असू शकते. भाभीने आधीच कळवले होते, म्हणून आम्हाला अंडी, पाव आणि लोणी मिळाले. हलाल मटण-चिकन शहरातूनच न्यावे, खोऱ्यात मिळेल याचा भरवसा नाही. आणि मासे तळताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आमच्या पहिल्याच तुकड्याला धुराची घंटा अशी कोकलली की कुरणातल्या मेंढ्या पळाल्या!

शेवटची रात्र

अम्मी झोपल्यावर भाईजाननी विचारले, "कागद आणलाय ना?" आम्ही काढून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "सही करीन. पण आधी सांगा, आपल्या गोठ्याची शाकारणी करायला किती लागतील?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन वर्षांत दलालाला भाव दहा वेळा विचारला होता. गवंड्याला एकदाही नाही. पैशांची गरज खरी आहे, मुलीचे कॉलेज तोंडावर आहे, हे आम्ही बोललो. गावी वर्षातून चार दिवसही जाणे होत नाही, हेही बोललो. भाईजाननी सगळे ऐकून घेतले. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी फोन ठेवला नाही, कारण फोन नव्हताच.

परतल्यावर मृगाआधी गोठ्यावर ताडपत्री घातली. विकायचे की राखायचे, अजून ठरलेले नाही. अम्मी म्हणते, सही केली तेव्हा तिला कुणी विचारलेच नव्हते, फक्त बोट दाखवले होते. कागद कपाटात आहे. परवा भाईजाननी विचारले, कौले किती फुटली आहेत? पाऊस उघडला की मोजायला जाणार आहोत, इन्शाअल्लाह. अम्मीलाही नेणार आहोत.