जोडशब्द कोठे तोडावा?

मराठीत जितकी अक्षरे लिहितो तितकी सर्व आपण पूर्ण उच्चारीत नाही. 'आठवण' ह्या शब्दात अक्षरे चार. परंतु 'ठ' व 'ण' ह्यांतील अकार लोपतो आणि ऐकू येते ते आठ्-वण् असे. त्याचेच अनेकवचन 'आठवणी' केले की तोड सरकते : आ-ठव्-णी. कारण शेवटी पूर्ण स्वर आला म्हणजे त्याच्या अगोदरच्या अक्षरातील अकार लोपतो. 'आठवले' ह्याचा उच्चारही तसाच : आ-ठव्-ले.

आता 'रानफळे' हा शब्द घ्या. अक्षरांची ठेवण 'आठवले' ह्या शब्दासारखीच. म्हणून कोणी रा-नफ्-ळे असे वाचील काय? मुळीच नाही. आपण रान्-फ-ळे म्हणतो. 'शेतकरी', 'वाटसरू' ह्यांचीही तोड शेत्-करी, वाट्-सरू अशीच होते. येथे दोन पदे आहेत, आणि प्रत्येक पद आपला उच्चार सांभाळून समासात शिरते. अर्थाचा सांधा तोच उच्चाराचा सांधा.

ही गोष्ट मराठीपुरतीच नाही. डच भाषेत पदे जोडून लांबलचक शब्द करण्याची रीत आहे. तेथे 'क्वार्ट्सलागेन' असा एक शब्द आहे. क्वार्ट्स्-लागेन असा तोडला तर 'गारगोटीचे थर'. क्वार्ट्-स्लागेन असा तोडला तर 'पाव फेरे'! लेखन एकच, पण सांधा सरकताच अर्थ पालटतो. डचमध्ये समासाचा मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर पडतो. मराठीत आघात सौम्य असून त्याने सहसा अर्थ बदलत नाही. म्हणूनच आपल्याकडे योग्य तोडीला अधिक महत्त्व.

समासाची खूण लेखनातही उमटते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या नियमांनुसार 'रवी', 'गुरू' हे शब्द सुटे असता दीर्घान्त लिहितात. परंतु 'रविवार', 'गुरुवार' ह्या समासांत मूळचा ऱ्हस्व कायम राहतो.

आपल्या जोयडा तालुक्यात घरी कोंकणी बोलून शाळेत मराठी वाचणारी मुले पुष्कळ. त्यांनी अपरिचित जोडशब्द दिसताच प्रथम त्याचा विग्रह करावा, मग तो मोठ्याने वाचावा. सांधा चुकला तर वाचणाऱ्याच्या मुखातून केवळ अक्षरे बाहेर पडतात. सांधा साधला तर ऐकणाऱ्यापर्यंत अर्थ पोहोचतो.