जठर स्वतःलाच का पचवत नाही?

गेल्या पावसाळ्यात साठीचे एक शेतकरी गृहस्थ मुलाच्या आधाराने दवाखान्यात आले. चक्कर येते, चार पावले चालले की धाप लागते, अशी तक्रार होती. पापणी खाली ओढून पाहिली तर आतून कागदासारखी पांढरी. शौचाचा रंग विचारला तेव्हा म्हणाले, "आठवडा झाला, डांबरावानी काळं होतंय. पण डॉक्टरसाहेब, पोटात कधी दुखलं न्हाई." गुडघ्यांसाठी दोन वर्षे रोज वेदनाशामक गोळी चालू होती, मेडिकलमधून परस्पर आणलेली. त्यांना लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा जठरात जखम, म्हणजे अल्सर निघाला. त्यातून रक्त झिरपत होते. मुलाचा मला प्रश्न होता, "गोळी गुडघ्याची, मग जखम पोटात कशी?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अन्ननलिका आणि जठर यांच्या अस्तरात आहे आणि ते अस्तर सूक्ष्मदर्शकाखालीच नीट कळते.

प्रथम अन्ननलिका पाहू. ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिचे आतले अस्तर आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखे असते. चपट्या पेशींचे थरावर थर रचलेले. कडक भाकरीचा तुकडा किंवा फुटाणे खाली जाताना वरचा थर घासला जातो, झडतो आणि खालून नव्या पेशी वर येतात. थोडक्यात, घर्षण सोसण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे. आम्ल सोसण्याची मात्र तिची फारशी तयारी नसते.

पुढच्या दातांपासून साधारण ४० सेंटिमीटरवर हे अस्तर एकदम संपते. दुर्बिणीतून पाहिले तर फिकट गुलाबी रंग संपून लालसर रंग सुरू झालेला स्पष्ट दिसतो. सीमारेषा सरळ नसते, वेडीवाकडी असते. तिथून जठर सुरू होते आणि सगळा मामला बदलतो. इथे थर नाहीत. उभट पेशींची एकच ओळ! ज्यांनी घरी बोकडाची वजडी साफ केली आहे त्यांना हे खरे वाटणार नाही. पण वजडीचा तो टॉवेलसारखा खरबरीत भाग म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचा पहिला कप्पा. त्याचे अस्तर आपल्या अन्ननलिकेच्या जातीचे असते, जठराच्या नव्हे.

जठराच्या या एकेरी अस्तरावर लक्षावधी बारीक खड्डे असतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी नळीसारख्या ग्रंथी उघडतात. या ग्रंथींत निरनिराळ्या कामाच्या पेशी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. याच पेशी आणखी एक पदार्थ बनवतात. तो नसेल तर बी-१२ हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. दुसऱ्या पेशी प्रथिने पचवणारे पेप्सिन पाठवतात, पण ते निष्क्रिय रूपात. आम्लाशी गाठ पडल्यावरच ते कामाला लागते. हत्यार म्यानात घालून पाठवण्याचाच हा प्रकार. दिवसाकाठी असा सुमारे दोन लिटर रस जठरात उतरतो. (लोक याला 'पित्त' म्हणतात. खरे पित्त यकृतात तयार होते आणि जठराच्या पुढे आतड्यात येते.)

मग मांस पचवणारा हा रस जठरालाच का खात नाही? कारण पृष्ठभागावरील पेशी सतत चिकट श्लेष्मा, म्हणजे बुळबुळीत स्राव, पाझरत असतात. या स्रावाच्या थरात खाण्याच्या सोड्यात असते तसे आम्लमारक द्रव्य मिसळलेले असते. त्यामुळे वर तीव्र आम्ल असले तरी पेशींना टेकून जवळपास आम्लरहित पातळ थर राहतो. शिवाय पृष्ठभागावरच्या पेशी थोड्याच दिवसांत बदलल्या जातात आणि खालून रक्तपुरवठा भरपूर असतो. हा सगळा बंदोबस्त चालू ठेवण्याचा हुकूम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये देतात.

गुडघ्याच्या गोळीचा घोटाळा इथे होतो. गुडघ्यातली सूज आणि वेदना वाढवण्यातही प्रोस्टाग्लँडिनचाच हात असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधे ती द्रव्ये सगळीकडेच कमी करतात. गुडघा शांत होतो आणि जठराचे कवच पातळ पडते. औषध रक्तातून हे काम करते, म्हणून गोळी जेवणानंतर घेतली किंवा गोळीऐवजी इंजेक्शन घेतले तरी धोका टळत नाही. 'उपाशीपोटी घेत नाही, मग काय होणार?' हा समज मला रोज भेटतो. त्यातच ही औषधे वेदना दाबतात, त्यामुळे अल्सर झाला तरी पोट दुखेलच असे नाही.

कवच बिघडवणारा दुसरा शत्रू म्हणजे एक जंतू. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, असे पूर्वी मानले जाई. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यावर सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्रासारखे जंतू दिसले. त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी तर १९८४ मध्ये ते जंतू स्वतः प्यायले आणि जठराचा दाह ओढवून घेतला! हेलिकोबॅक्टर पायलोरी हा तो जंतू. श्लेष्माच्या थरात तो दडून राहतो. या शोधाबद्दल दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. त्यामुळे आज पुष्कळ अल्सर प्रतिजैविकांच्या ठरावीक मुदतीच्या उपचाराने बरे होतात. वर्षानुवर्षे पथ्य पाळत बसावे लागत नाही.

आता उलटी वाट. जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची पकड सैल झाली की आम्ल वर अन्ननलिकेत चढते. छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते. आम्लाचे प्रमाण बहुधा नेहमीचेच असते, फक्त ते भलत्या ठिकाणी पोचलेले असते. हे वर्षानुवर्षे चालले तर काहींच्या अन्ननलिकेचे खालचे चपटे अस्तर जाऊन तिथे आतड्यासारखे अस्तर येते. लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी १९५० मध्ये अशा बदललेल्या अस्तराकडे लक्ष वेधले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. अशा रुग्णांपैकी थोड्यांनाच पुढे कर्करोग होतो. तरी नजर ठेवावी लागते. आपल्याकडे मात्र अन्ननलिकेचा कर्करोग जास्त करून मूळच्या चपट्या पेशींचाच आढळतो. त्याच्या मागे तंबाखू आणि दारू असतात.

जळजळीसाठी रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास उरकावे आणि खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवाव्यात. ओमेप्राझोलसारखी गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. पण ती वर्षभर स्वतःच्या मनाने चालू ठेवू नये. घास अडकू लागला, वजन उतरले, रक्ताची उलटी झाली किंवा काळे, चिकट, दुर्गंधीचे शौच झाले, तर गोळी बदलत बसू नका, डॉक्टर गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते डांबरासारखे चिकट नसते.) पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची तक्रार सुरू झाली असेल तरी एकदा दुर्बीण करून घ्यावी. दुर्बीण करताना तपासणीसाठी तुकडा घेतला म्हणजे कर्करोगच, अशी धास्ती घेऊ नये. जंतू आहे का हेही त्याच तुकड्यावर कळते.

त्या गृहस्थांना रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण केली तेव्हा जखम भरलेली होती. गुडघे अजून दुखतात. पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांवर सध्या भागते आहे. मेडिकलमधली जुनी चिठ्ठी मुलाने फाडून टाकली.