प्रेस्टन: नकाशावर आलेला, पुसलेला आणि परत मिळवलेला मतदारसंघ

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांताची विधानसभा १७५८ साली सुरू झाली. कॅनडातली ही सर्वांत जुनी निवडून आलेली विधानसभा. कृष्णवर्णीय माणसे त्या प्रांतात त्याच्या आधीपासून राहत होती. पण त्यांच्यातला पहिला आमदार सभागृहात बसायला १९९३ साल उजाडावे लागले. म्हणजे तब्बल २३५ वर्षे.

तो आमदार ज्या मतदारसंघातून निवडून आला त्याचे नाव प्रेस्टन. हा मतदारसंघ १९९३ च्या निवडणुकीसाठी नव्याने आखला गेला, २०१२ मध्ये पुसला गेला आणि २०२१ च्या निवडणुकीत पुन्हा नकाशावर आला. राखीव जागा म्हणजे काय, तिच्यातून प्रतिनिधित्व खरेच मिळते का, यावर आपण वर्षानुवर्षे वाद घालतो. म्हणून प्रेस्टनचा निवडणूक इतिहास आपण नीट समजून घ्यायला हवा.

प्रेस्टनचे लोक कोण?

हॅलिफॅक्स शहराजवळ नॉर्थ प्रेस्टन, ईस्ट प्रेस्टन, चेरी ब्रूक या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्या आहेत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांची बाजू घेणाऱ्या कृष्णवर्णीयांना स्वातंत्र्य आणि जमिनीचे आश्वासन मिळाले होते. १७८३ नंतर ते हजारोंच्या संख्येने नोव्हा स्कोशियात आले. जमीन मिळाली ती थोडी, उशिरा आणि खडकाळ. अनेकांना तीही मिळाली नाही. वैतागून १७९२ मध्ये सुमारे १,२०० जण जहाजांत बसून आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला निघून गेले. १७९६ मध्ये जमैकातून हद्दपार केलेल्या मरून लोकांना प्रेस्टनमध्ये बसवले गेले. चार वर्षांत तेही सिएरा लिओनला गेले. १८१२ च्या युद्धानंतर आणखी सुमारे २,००० निर्वासित प्रांतात आले. त्यांतल्या अनेकांनी प्रेस्टनमध्ये मुक्काम केला आणि ते तिथेच राहिले. आजच्या वस्त्या मुख्यतः त्यांच्या वंशजांच्या आहेत.

त्यांना जमीन कसायला दिली, पण मालकीचा कागद अनेकांना दिला नाही. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या तिथे राहूनही जमीन कायद्याने आपली नाही, अशी अनेक घरांची अवस्था झाली. तिच्यावर कर्ज मिळत नाही, ती रीतसर विकता येत नाही, मुलांच्या नावे करता येत नाही. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९६३ मध्ये मालकी हक्क स्पष्ट करणारा कायदा प्रांताने केला. तरी प्रश्न पुढची पन्नास वर्षे सुटला नाही. विधानसभेत आपले माणूस असणे आणि नसणे यांतला फरक अशा ठिकाणी कळतो.

आरक्षित नाही, संरक्षित

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रांताने मतदारसंघांची पुनर्रचना पहिल्यांदाच एका स्वतंत्र आयोगाकडे सोपवली. सर्व मतदारसंघांत मतदारांची संख्या साधारण सारखी असावी, सरासरीपेक्षा फार तर २५ टक्के कमी किंवा जास्त, असे तत्त्व आयोगाने धरले. समजा सरासरी १४,००० मतदार आहे, तर मतदारसंघ १०,५०० ते १७,५०० च्या दरम्यान बसला पाहिजे.

पण हा नियम तंतोतंत लावला तर विखुरलेल्या छोट्या समाजांचे काय? प्रेस्टनच्या वस्त्या शेजारच्या मोठ्या गोऱ्या वस्तीला जोडल्या की त्यांची मते त्यात विरघळून जातात. म्हणून आयोगाने चार मतदारसंघांना या नियमातून सूट दिली. क्लेअर, आर्गाइल आणि रिचमंड हे तीन फ्रेंच भाषिक अकेडियन समाजासाठी, आणि चौथा प्रेस्टन कृष्णवर्णीयांसाठी. मतदार कमी असले तरी चालतील, पण समाज एका सीमेत राहू द्या, असा त्यामागचा विचार. यांना ‘संरक्षित मतदारसंघ’ म्हणतात.

इथे आपल्या वाचकांचा घोळ होऊ शकतो, म्हणून तीन पद्धती वेगळ्या करून सांगतो. स्वतंत्र मतदारसंघात उमेदवार त्या समाजाचा आणि मतदारही त्याच समाजाचे. १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना हा हक्क मिळाला होता आणि पुणे करारात तो गेला. त्याजागी आला राखीव मतदारसंघ: उमेदवार त्या समाजाचाच, मतदार मात्र सगळे. तो आज आपल्याकडे आहे. प्रेस्टन या दोन्हींत बसत नाही. तिथे कोणीही उभे राहू शकते आणि सगळे मत देतात. फक्त सीमारेषा अशी आखली आहे की त्या समाजाच्या मताला वजन यावे. त्यातही प्रेस्टनमध्ये कृष्णवर्णीय मतदार निम्म्याहून कमीच राहिले. म्हणजे संधी मिळाली, पण जागेची हमी नाही.

निकाल काय सांगतात?

१९९३ मध्ये लिबरल पक्षाचे वेन ॲडम्स निवडून आले. प्रांताचे पहिले कृष्णवर्णीय आमदार, आणि लगेच पहिले कृष्णवर्णीय मंत्रीही. पर्यावरण खाते त्यांच्याकडे होते.

१९९८ मध्ये न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या इव्हॉन ॲटवेल यांनी ॲडम्स यांना हरवले. ॲटवेल या नोव्हा स्कोशियाच्या विधानसभेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. समाजातला एक नेता पडला, तरी दुसरी नेता निवडून आली. ‘आपला एकच माणूस, तो सांभाळा’ या अगतिकतेतून समाज बाहेर पडला, असे मी या निकालाकडे पाहतो.

हे सुख एकच वर्ष टिकले. १९९९ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, प्रांतात प्रोग्रेसिव्ह कंझर्व्हेटिव्ह पक्षाची लाट आली आणि त्या पक्षाचे डेव्हिड हेंड्सबी जिंकले. ते गोरे. २००३ मध्ये लिबरलचे कीथ कॉलवेल आले, तेही गोरे. कॉलवेल २००६ आणि २००९ मध्येही निवडून आले. कृष्णवर्णीयांसाठी आखलेल्या मतदारसंघात १९९९ नंतर पुढची दोन दशके कृष्णवर्णीय आमदारच नव्हता.

बाबासाहेबांनी संयुक्त मतदारसंघाबद्दल जो धोका दाखवला होता तो असा, की बहुसंख्याकांच्या मतांवर निवडून येणारा माणूस बहुसंख्याकांनाच जबाबदार राहतो. आपल्याकडे तो धोका उमेदवाराच्या निवडीतून दिसतो. प्रेस्टनमध्ये उमेदवार त्या समाजाचा असण्याची अटच नव्हती. त्यामुळे तिथे तो उघडपणे निकालात दिसला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. गोरा आमदार काम करतच नाही असे नाही, आणि लोक कॉलवेल यांना वारंवार मते देत होते, त्यांत कृष्णवर्णीय मतदारही असणारच. काम करणारा आमदार आणि आपल्यातला आमदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदाराला दोन्ही मागण्याचा हक्क आहे. एकीच्या नावाखाली दुसरी सोडून देण्याचे कारण नाही.

समानतेच्या नावाने पुसलेली रेषा

२०१२ मध्ये पुन्हा पुनर्रचना आली. या वेळी सरकारने आयोगाला अट घातली: प्रत्येक मतदारसंघ २५ टक्क्यांच्या मर्यादेत बसलाच पाहिजे, कोणालाही सूट नाही. तरीही आयोगाने पहिल्या मसुद्यात चारही संरक्षित मतदारसंघ कायम ठेवले. तेव्हाच्या ॲटर्नी जनरलनी तो मसुदा फेटाळला. शेवटी आयोगाने नमते घेतले. चारही मतदारसंघ गेले, सभागृहाच्या जागा ५२ वरून ५१ झाल्या. प्रेस्टनला शेजारच्या डार्टमाउथचा भाग जोडून ‘प्रेस्टन-डार्टमाउथ’ तयार झाला. २०१३ आणि २०१७ मध्ये तिथून कॉलवेलच निवडून आले.

सरकारचा युक्तिवाद ऐकायला गोड होता: प्रत्येक मताची किंमत समान. ‘एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना तो पटकन पटेलही. पण आकडा समान केला की मूल्य समान होतेच असे नाही. जो समाज सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना कायम अल्पसंख्य राहतो, त्याचे मत मोजले जाते. त्याने निकाल मात्र बदलत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सस्कॅचेवन प्रांताच्या प्रकरणात सांगितले होते की मताधिकाराचा हेतू केवळ संख्येची बरोबरी नसून परिणामकारक प्रतिनिधित्व हा आहे. भूगोल, समुदायाचा इतिहास, अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्व यांचा विचार त्यात करता येतो.

याच तत्त्वाचा आधार घेऊन अकेडियन समाजाची संघटना न्यायालयात गेली. सरकारला हा प्रश्न प्रांताच्या अपील न्यायालयाकडे मत मागण्यासाठी पाठवावा लागला. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने मत दिले की पहिला मसुदा फेटाळून आयोगाचे हात बांधणे हे राज्यघटनेतल्या मताधिकाराचे उल्लंघन होते. गंमत म्हणजे, त्यानंतर चार महिन्यांनी झालेली मे २०१७ ची निवडणूक त्याच जुन्या नकाशावर झाली. हक्क मान्य होणे आणि तो हातात पडणे यांत किती अंतर असते, ते आपल्याला नवीन नाही.

पुढे सरकारने अकेडियन आणि कृष्णवर्णीयांच्या प्रतिनिधित्वासाठी वेगळा आयोग नेमला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. मग नव्या पुनर्रचना आयोगाने जागा ५१ वरून ५५ केल्या आणि २०१९ च्या कायद्याने चारही मतदारसंघ परत आले. इथे लक्षात घ्या, खटला अकेडियनांनी लढवला आणि प्रेस्टनचीही जागा परत आली. दुसऱ्या वंचित समाजाच्या लढ्याकडे ‘तो त्यांचा प्रश्न’ म्हणून पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

२०२१ आणि नंतर

१७ ऑगस्ट २०२१ ला मतदान झाले. प्रेस्टनमध्ये तिन्ही प्रमुख पक्षांनी कृष्णवर्णीय उमेदवार दिले. कायद्यात तशी सक्ती नव्हती. पण जागा कशासाठी परत आली यावर इतकी वर्षे जाहीर चर्चा झाली होती की पक्षांना तिच्याकडे दुर्लक्ष करणे परवडले नसावे, असे मला वाटते. लिबरलच्या अँजेला सिमंड्स जिंकल्या. त्या वकील. राजकारणात येण्यापूर्वी त्यांनी काम केले होते ते याच वस्त्यांतल्या जमिनीच्या मालकी हक्काच्या प्रश्नावर. पुढे त्या सभागृहाच्या उपाध्यक्ष झाल्या. त्या निवडणुकीत प्रांतात एकूण चार कृष्णवर्णीय आमदार निवडून आले. तोवरचा तो सर्वांत मोठा आकडा. त्यांतले तिघे प्रेस्टनबाहेरचे होते, हेही महत्त्वाचे. संरक्षित जागा म्हणजे समाजाला एका कोपऱ्यात बसवणे, हा आक्षेप त्यामुळे फारसा टिकत नाही.

सिमंड्स यांनी २०२३ मध्ये राजीनामा दिला. ८ ऑगस्ट २०२३ च्या पोटनिवडणुकीत प्रोग्रेसिव्ह कंझर्व्हेटिव्हच्या ट्विला ग्रॉस जिंकल्या. त्यांच्याकडे आफ्रिकन नोव्हा स्कोशियन समाजाच्या कामकाजाचे मंत्रिपद आले. २०२४ च्या निवडणुकीतही त्यांनी जागा राखली. १९९३ पासून आजवर या जागेने तिन्ही पक्षांचे आमदार पाहिले. ती कोणा एका पक्षाची जहागीर झाली नाही.

आपण काय घ्यायचे?

प्रेस्टनच्या या तीन दशकांतून मला तीन टप्पे दिसतात. पहिला नकाशाचा: सीमारेषा कुठून जाते. दुसरा तिकिटाचा: पक्ष कोणाला उभे करतो. तिसरा निवडून आल्यानंतरचा: आमदार सभागृहात कोणाचा प्रश्न मांडतो. १९९३ मध्ये पहिला टप्पा जिंकला, म्हणून दुसरा आपोआप सुटला नाही. १९९९ ते २००९ चे निकाल त्याचा पुरावा आहेत. आणि दुसऱ्याची तक्रार करत असतानाच २०१२ मध्ये पहिला टप्पाही हातातून गेला.

आपण कार्यकर्ते बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यावर जागे होतो. तिकीट कोणाला, बंडखोरी कोणाची, यावर रात्र रात्र बैठका होतात. प्रभाग रचनेचा प्रारूप आराखडा लागतो तेव्हा मात्र कार्यालयात जाऊन तो पाहणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. आपली वस्ती दोन प्रभागांत कापली गेली हे निकालाच्या दिवशी कळते, आणि तेव्हा हरकतीची मुदत केव्हाच संपलेली असते.

पुढच्या वेळी आराखडा लागेल तेव्हा प्रत्येक वस्तीतल्या दोन तरुणांनी तरी तो मोबाईलवर उतरवून घ्यावा, मतदार यादीशी ताडून पाहावा आणि मुदतीत लेखी हरकत द्यावी. हरकत फेटाळली तरी तिची पोच जपून ठेवा. नोव्हा स्कोशियात न्यायालयापुढचा प्रश्न हाच होता की आयोगाचा पहिला मसुदा काय होता आणि तो कोणी, कसा बाजूला सारला. हे सगळे कागदावर होते, म्हणूनच ते तपासता आले.